साडेतीनचं ॲव्हरेज: तळोजा ते चेन्नई, डिझेलच्या काट्याकडे बघत

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात डिझेलचा हिशेब माझ्याकडे असतो. खेप संपली की गाडी नंबरापुढे एक आकडा लिहायचा, एका लिटरला किती किलोमीटर. बारा टायरच्या भरल्या गाडीला साडेतीन धरायचं, हा आमच्या लाइनीतला सर्वसाधारण रिवाज. आकडा वर गेला तर ड्रायव्हर चांगला, खाली गेला तर पहिला संशय डिझेल विकल्याचा, आणि मग पगारातून कापणी. माणसाच्या प्रामाणिकपणाचा निकाल ज्या आकड्यावर लागतो तो रस्त्यावर कसा घडतो हे मला टप्प्याटप्प्यानं बघायचं होतं. म्हणून तळोज्याहून चेन्नईला निघालेल्या गाडीत तात्यांच्या शेजारच्या सीटवर बसलो. तात्या माण तालुक्यातले, आयुष्य स्टिअरिंगवर गेलेलं. क्लीनर आता बहुतेक गाड्यांवर नसतोच, त्यामुळे जागा होती.

हाच मार्ग निवडायला कारण होतं. दोन्ही टोकं समुद्रसपाटीची आणि मध्ये दख्खनचं पठार, बंगळुरूपाशी ९०० मीटरच्या वर गेलेलं. गाडी जितकी चढते तितकीच उतरते. ड्रायव्हर तोच, माल तोच, गाडी तीच. बदलत राहतो तो फक्त रस्ता.

पहिला दिवस: तळोजा ते खेड शिवापूर

सकाळ लोडिंगमध्ये गेली. प्लास्टिकचा दाणा, २५ किलोच्या गोण्या. वजनकाट्यावर गाडी ३५ टनांच्या किंचित आत भरली. ट्रकच्या दारावरचा मॉडेलचा आकडा वाचायला सोपा असतो: ३५२५ लिहिलं असेल तर पहिले दोन आकडे एकूण वजनाचे, ३५ टन; पुढच्या दोनांवर एक शून्य दिलं की हॉर्सपॉवर, २५०. रिकामी गाडी साडेदहा टनांच्या आसपास, म्हणजे माल साधारण साडेचोवीस टन.

वजनाची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. दहा टायरची गाडी २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली, सगळ्यात मोठ्या ट्रेलरची मर्यादा ४९ वरून ५५ टनांवर गेली. माल वाढला, भाडं वाढलं, आणि अर्थात एका लिटरमागचे किलोमीटर घटले. वहीत मात्र जुनाच आकडा चालू राहिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. वजन नवं आणि ॲव्हरेज जुनं, ही ड्रायव्हरवर सरळ अन्याय करणारी वही आहे.

कळंबोलीत टाकी फुल केली. टाकी ३६५ लिटरची. पंपावरच्या पोऱ्याला तात्यांनी नोझल पहिल्यांदा बंद पडलं तिथंच थांबायला सांगितलं. गळ्यापर्यंत भरून घेणारे पुष्कळ असतात, पण डिझेल तापलं की फुगतं. जमिनीखालच्या थंड टाकीतून आलेलं डिझेल उन्हात पंधरा अंशांनी तापलं तर ३६५ लिटरमागे चारेक लिटर जागा त्याला जास्त लागते. ती जागा ठेवली नाही तर झाकणाच्या कडेनं गळून रस्त्यावर जातं. खालच्या बाजूलाही सगळं डिझेल हाती लागत नाही. ओढून घेणारा पाइप तळाच्या थोडा वर असतो, म्हणजे तळाचा गाळ आणि पाणी इंजिनाकडे जाऊ नये. म्हणून कागदावर ३६५ असली तरी भरवशाची टाकी त्याहून कमी. तात्यांचा नियम चौथाई उरली की भरायची. "काटा खाली लागला की गाडी एअर घेते साहेब, मग पंप मारत बसा रस्त्याच्या कडंला." पाइपात हवा शिरली की डिझेल पुढे सरकत नाही, हँडपंपाने दाबून दाबून ती हवा काढावी लागते. रात्री, घाटात, पाठीमागून गाड्या येत असताना हे काम किती धोक्याचं आहे हे सांगायला नको.

टाकीच्या तोंडाला जाळी बसवलेली होती, झाकणाला कुलूप. नळी घालून डिझेल काढणारे थांब्यांवर हिंडत असतात, आणि त्या चोरीचा हिशेबही शेवटी ड्रायव्हरच्याच आकड्यात मिसळतो.

दुपारनंतर एक्स्प्रेसवेला लागलो. खालापूरपर्यंत रस्ता सपाट, गाडी साठला निवांत चालत होती, समोरच्या स्क्रीनवर लिटरला चारच्या पुढचा आकडा दिसत होता. मग बोरघाट सुरू झाला. डाव्या लेनला आमच्यासारख्यांची रांग, वेग पंधरा ते वीस, गिअर खालचा, इंजिनाचा एकसारखा भरलेला आवाज. स्क्रीनवरचा आकडा चारावरून दोनावर, दोनावरून एकाच्या खाली उतरला. लिटरला एक किलोमीटरही नाही.

मी तिथेच कागदावर मांडून पाहिलं. खोपोलीच्या बाजूचा पायथा समुद्रसपाटीपासून साठेक मीटरवर, लोणावळा सहाशेच्या वर. म्हणजे ३५ टन वजन साडेपाचशे मीटर उचलायचं. त्याला सुमारे १८९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल असतात, त्यातले चाकापर्यंत पोचतात चाळीस टक्क्यांच्या आसपास, बाकीचे उष्णता होऊन सायलेन्सर आणि रेडिएटरमधून निघून जातात. म्हणजे लिटरला चौदा मेगाज्यूल हाती. भागाकार केला की साडेतेरा लिटर येतात. हे फक्त वजन वर नेण्याचं डिझेल. चाकं फिरवायचं आणि हवा कापायचं वेगळं. जगातला सगळ्यात कुशल ड्रायव्हर बसवला तरी हे साडेतेरा लिटर चुकत नाहीत. कौशल्य दिसतं ते त्यावरच्या दोनेक लिटरांत: गिअर वेळेवर पाडला का, पुढच्या गाडीशी अंतर ठेवून मध्येच थांबायची वेळ टाळली का. चढावर थांबलेली भरली गाडी पुन्हा हलवणं हे क्लचलाही महाग आणि डिझेललाही. तात्या पुढच्या कंटेनरपासून इतकं अंतर ठेवून चालत होते की मागचे हॉर्न मारत होते. ते ढळले नाहीत.

देहूरोडच्या बाजूनं बायपासला लागून अंधार पडता पडता नवले पुलापाशी आलो. आमच्या बाजूला चढ होता, नव्या कात्रज बोगद्याकडे जाणारा. समोरच्या बाजूनं गाड्या खाली येत होत्या. याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने रांगेतल्या डझनावारी गाड्यांना धडक दिली होती, आणि त्यापूर्वी नि त्यानंतरही तिथे माणसं गेली आहेत. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, हे तिथे पोलीस पुन्हा पुन्हा सांगत आले आहेत. या उताराबद्दल मला पुढे आणखी लिहायचं आहे. आमचा उतार बंगळुरूच्या पलीकडे होता.

खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या पुढे मुक्काम. दिवसाचे १४० किलोमीटर, डिझेल ५६ लिटर. लिटरला अडीच. ऑफिसात बसून हा आकडा नुसता पाहिला असता तर कुणीही भुवया वर केल्या असत्या.

दुसरा दिवस: खेड शिवापूर ते बेळगाव

पहाटे निघण्याआधी तात्यांनी लोखंडी रॉडनं बाराही टायर वाजवले, मग हवेचं मीटर लावलं. एका टायरात हवा कमी निघाली, ती भरूनच गाडी हलली. हवा कमी असली की टायर जमिनीवर जास्त पसरतो, प्रत्येक फेऱ्यात दबतो नि सुटतो, आणि त्या दबण्या-सुटण्यात डिझेलची उष्णता होऊन जाते. टायर फुटतो तोही याच उष्णतेनं. रेडियल टायर आल्यापासून हा रोध बराच कमी झाला आहे, पण हवा बरोबर असेल तरच.

खंबाटकीचा घाट साताऱ्याकडे जाताना चढायचा होता. पुण्याकडे येणाऱ्यांना बोगदा आहे. पुन्हा रांग, पुन्हा खालचा गिअर. घाटमाथा ओलांडला की मात्र कोल्हापूरपर्यंतचा पट्टा चांगला. सकाळच्या गार हवेत गाडी मोकळी चालली.

वेगाचा प्रयोग इथेच केला, तात्यांच्या मर्जीनं. मालवाहू गाड्यांना चौपदरी महामार्गावर ८० ची मर्यादा आहे. आधी ६० वर धरून चालवलं, मग सपाटीचा तसाच तुकडा बघून ८० वर. साठला लिटरला चारच्या आसपास मिळत होतं, ऐंशीला साडेतीनच्याही खाली. कारण हवेत आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो: वेग एकतृतीयांशानं वाढला तर रोध पावणेदोन पटींहून जास्त होतो. आपल्या ट्रकची पुढची बाजू म्हणजे उभी भिंत, त्यात ताडपत्री ढिली असेल तर ती फडफडत आणखी हवा अडवते. साताऱ्याच्या पुढे थांबून तात्यांनी दोऱ्या पुन्हा आवळल्या. ऐंशीनं चालवून दिवसाला तास-दीड तास वाचतो हे खरं. पण तो तास पुढे एखाद्या नाक्यावर किंवा शहराच्या नो-एन्ट्रीत उभं राहून संपून जातो आणि जळलेलं डिझेल परत येत नाही. घाई लावणारा फोन बहुतेक वेळा आमच्याच ऑफिसातून जातो, हेही इथे लिहिलं पाहिजे. मालासोबतच्या सरकारी परवान्याची, म्हणजे ई-वे बिलाची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी असते, १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधी १०० किलोमीटरला एक होता. या तेराशे किलोमीटरला सात दिवस मिळतात. कागद पुरेसा वेळ देतो. घाई त्यात नाही.

कागल, मग कोगनोळी, आणि कर्नाटक. डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा, त्यामुळे सीमा ओलांडली की पंपावरचा दर बदलतो. कधी अलीकडे स्वस्त, कधी पलीकडे. सरकारं कर बदलतात तसं पारडं फिरतं. इथे टाकीच्या मापाचा खरा उपयोग कळतो. लिटरमागे एक रुपयाचा फरक असला तरी तीनशे लिटरला तीनशे रुपये होतात. लहान टाकीच्या गाडीला जिथे संपेल तिथे भरावं लागतं, मोठ्या टाकीची गाडी महागडं राज्य न थांबता पार करू शकते. मोठ्या टाकीचं वजनही वाहावं लागतं, डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे ३६५ लिटरचे तीनशे किलो; पण पस्तीस टनांत ते एक टक्काही नाही. निवडीचं स्वातंत्र्य त्याहून मोलाचं.

निपाणीच्या पुढे तवंदी घाट लागला. संध्याकाळी बेळगावच्या बाहेर थांबलो. ३१५ किलोमीटर, ९३ लिटर. साडेतीनच्या जरा खाली. तात्या म्हणाले, "घाट धरून एवढं पडलं तर गाडी ठणठणीत हाय म्हणायची."

तिसरा दिवस: बेळगाव ते चित्रदुर्ग

हा दिवस मला सगळ्यात आवडला. कित्तूर, धारवाड, हुबळी, मग हावेरी, राणेबेन्नूर, हरिहरला तुंगभद्रा. रस्ता रुंद, चढउतार हलके, गाडी तासन्तास वरच्या गिअरात. आरपीएमचा काटा हिरव्या पट्ट्यातून बाहेर आला नाही. तात्यांचा उजवा पाय इतका स्थिर होता की ॲक्सिलरेटरवर आहे की नुसता टेकलाय हे ओळखू येऊ नये. पुढे टोलनाका दिसला की ब्रेकआधी बराच वेळ पाय उचलायचा आणि गाडी आपोआप हळू होऊ द्यायची, हे त्यांचं मुख्य तंत्र. ब्रेक मारणं म्हणजे आधीच जाळलेल्या डिझेलची उष्णता करून टाकणं. पस्तीस टनांची गाडी साठवरून थांबवली की लिटरचा तिसरा हिस्सा तरी जातो तिला पुन्हा साठवर न्यायला. फास्टॅग आल्यापासून नाक्यावर पूर्ण थांबायची वेळ कमी झाली, त्याचा फायदा डिझेलच्या हिशेबात खरोखर दिसतो.

सरकारी चाचणीबद्दल इथेच विचार आला. २०१७ मध्ये केंद्रानं १२ टनांवरच्या गाड्यांसाठी इंधनाचे निकष अधिसूचित केले. त्यात ट्रक ४० आणि ६० च्या कायम वेगावर चालवून खप मोजतात. गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हे ठीक आहे. पण कायम वेग हा तिसऱ्या दिवसाचा रस्ता आहे, पहिल्या दिवसाचा नाही. कंपनीच्या कागदावरचं ॲव्हरेज दाखवून बोरघाटातल्या ड्रायव्हरला जाब विचारणाऱ्यानं ही चाचणी कशी होते ते आधी वाचावं.

परदेशातल्या गाड्यांविषयी तात्यांनी विचारलं. युरोपात ४० टनांचा ट्रेलर १०० किलोमीटरला तीसेक लिटर घेतो, म्हणजे लिटरला सव्वातीनच्या पुढे-मागे. तिथे दोन टाक्या मिळून हजार-पंधराशे लिटरही असतात. अमेरिकेत ३६ टनांची गाडी गॅलनला सहा-सात मैल जाते, आपल्या मापात लिटरला अडीच ते तीन. दोन्ही अंगांना टाक्या, एकेक चारशे-पाचशे लिटरची. तात्यांना नवल टाक्यांचं वाटलं, ॲव्हरेजचं नाही. "म्हंजे आपण काय वाईट न्हाई चालवत," म्हणाले. खरंच नाही. त्या गाड्या आपल्याहून बऱ्याच जास्त वेगानं चालतात, त्यांच्या केबिनची आणि टपाची ठेवण हवा कापायला घडवलेली असते, तरीही आकडे इतके जवळ आहेत. आपला तोटा वेगात नसून थांबण्यात आहे.

दुपारी मी त्यांना दुसरा हिशेब मांडून दाखवला, आणि माझ्या मते वहीत हाच असायला हवा. नुसते किलोमीटर मोजले की लहान गाडी नेहमी जिंकते. सहा टायरची १९ टनांची गाडी लिटरला साडेपाच जाते, पण माल वाहते बारा टन: बारा गुणिले साडेपाच, लिटरला ६६ टन-किलोमीटर. आमची गाडी साडेचोवीस टन घेऊन ३.६ गेली तरी ८८ होतात. ५५ टनांचा ट्रेलर अडीच-पावणेतीनवर चालतो, सगळे त्याला डिझेलखाऊ म्हणतात, पण ३८ टन माल धरला तर त्याचे शंभराच्या आसपास भरतात. डिझेल मालासाठी जाळायचं असतं. मग माल मापात नको? आणि रिकामी परतणारी गाडी? ती लिटरला साडेपाच-सहा दाखवते, वहीत झळकते, आणि तिचे टन-किलोमीटर शून्य.

हुबळीच्या अलीकडे टाकी अर्ध्याच्या आसपास आली होती, तिथे दर बरा दिसला म्हणून भरून घेतली. सोबत युरिया. धुराच्या कडक निकषांच्या बीएस-सहा गाड्या १ एप्रिल २०२० पासून आल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्याला दुसरी टाकी लागली. या द्रावात ३२.५ टक्के युरिया असतो, बाकी शुद्ध पाणी. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड तो मोडतो. डिझेलच्या पाचेक टक्के लागतो, म्हणजे या खेपेला अठरा लिटरांच्या घरात. तो संपला की गाडी स्वतःहून ताकद कमी करते. भेसळीचा युरिया स्वस्त मिळतो म्हणून घेणारे आहेत. त्यानं बिघडणारी यंत्रणा इतकी महाग आहे की वाचलेले पैसे तिच्या पासंगालाही पुरत नाहीत.

चित्रदुर्गाच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या उजेड असतानाच दिसू लागल्या. वारा आडवा होता, ताडपत्री एका अंगानं तणत होती. तात्यांना परतीचा वारा आठवला. समोरून ताशी वीसचा वारा असेल तर साठनं चाललेल्या गाडीला हवेचा रोध ऐंशीचा लागतो. ड्रायव्हरनं काही केलेलं नसतं, फक्त त्या दिवशी वारा असतो.

३०५ किलोमीटर, ७८ लिटर. लिटरला ३.९.

चौथा दिवस: चित्रदुर्ग ते होसूर

थोडक्यात सांगण्यासारखा दिवस. हिरियूर, शिरा, तुमकुरू. पठार हळूहळू वर चढत जातं, डोळ्यांना जाणवत नाही पण काट्याला जाणवतं. नेलमंगलाच्या आधी वाहतूक तुंबली. बंगळुरू शहरात दिवसा जड गाड्यांना मोकळीक नाही, म्हणून नाइस रोडनं शहराला वळसा घालून होसूर रस्त्याला लागायचं, पण तिथवर पोचायलाच वेळ गेला.

गाडी उभी आणि इंजिन चालू असेल तर ताशी दोनेक लिटर जातं, किलोमीटर शून्य. तात्यांनी तीनदा इंजिन बंद केलं. बाहेर ऊन तापलेलं होतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा आहे, आणि तो फार उशिरा आलेला नियम आहे. एसीला डिझेल लागतं म्हणून तो बंद ठेवा असं सांगणारे मालक मला माहीत आहेत. पंचेचाळीस अंशांच्या डब्यात बसलेला माणूस दमतो, दमलेला माणूस जोरात ब्रेक मारतो, चुकीचा गिअर टाकतो. त्यात जाणारं डिझेल एसीच्या डिझेलपेक्षा कमी नसतं. आणि समजा कमी असलं, तरी त्या माणसाला थंड हवा मिळाली पाहिजे.

होसूरला मुक्काम. २५० किलोमीटर, ६९ लिटर. ३.६.

पाचवा दिवस: होसूर ते माधवरम

होसूर सोडलं की कृष्णगिरीपर्यंत उतार आहे, तिथून अंबूर, वेल्लूर करत जमीन उतरतच जाते. वेल्लूर दोनशेच्या थोडं वर, चेन्नई समुद्राला. चार दिवसांत वर नेलेलं वजन आता स्वतःच खाली यायला निघालं होतं.

पहिल्या मोठ्या उताराला मी स्क्रीनवर नजर ठेवून होतो. तात्यांनी गाडी गिअरातच ठेवली, ॲक्सिलरेटरवरचा पाय पूर्ण काढला, एक्झॉस्ट ब्रेकचं, म्हणजे धूर अडवून इंजिनानंच गाडी आवरणाऱ्या ब्रेकचं बटण दाबलं. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी आवरून चालू लागली, आणि डिझेलचा खप शून्य झाला. अगदी शून्य. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात चाकं इंजिनाला फिरवत असली आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसला की डिझेलची फवारणीच बंद होते. हेच न्यूट्रल केलं असतं तर चाकांचा नि इंजिनाचा संबंध तुटला असता आणि इंजिन जिवंत ठेवायला मशीननं डिझेल जाळलं असतं, ताशी तेच दोनेक लिटर. म्हणजे न्यूट्रलनं डिझेल वाचत नाही. वाढतं.

मग ही सवय आली कुठून? इलेक्ट्रॉनिक नसलेल्या, जुन्या डिझेल पंपाच्या गाड्यांवर शिकलेल्या पिढीकडून, आणि बांधून दिलेल्या डिझेलमधून. खेपेला इतके लिटर, वाचलं तर तुझं, कमी पडलं तर तुझ्या खिशातून, असा करार असला की माणूस उतारावर थेंब शोधतो. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, स्टिअरिंग जड होतं, इंजिनाचा ब्रेक नसल्यानं सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो, ते तापतात आणि एका क्षणी पकडेनासे होतात. नवले पुलावर खाली येणाऱ्या गाड्यांकडे बघताना मला हेच आठवत होतं. या अपघातात ड्रायव्हरवर गुन्हा दाखल होतो, तो व्हायलाही हवा. पण त्याला साडेतीनचा आकडा कुणी बांधून दिला होता, घाटाचे लिटर त्यात धरले होते का, हे कुणी विचारत नाही. मी ते विचारणार आहे, माझ्या टेबलावर तरी.

तात्यांचं यावर एकच म्हणणं होतं. "ज्या गिअरात चढली त्याच गिअरात उतरवायची. माझ्या वस्तादानं शिकवलंय, तवा ह्ये काम्प्युटर नव्हतं."

वेल्लूरनंतर रस्ता सपाट, उकाडा वाढलेला, कांचीपुरमच्या बाजूनं गाड्यांची दाटी. चेन्नई बायपासनं माधवरमला पोचलो. गोदामाच्या आधीच्या पंपावर टाकी पुन्हा पहिल्या क्लिकपर्यंत भरली, कळंबोलीत भरली होती तशीच. खप मोजायची हीच खात्रीची रीत आहे. स्क्रीन थोडीफार चुकते, भरलेली टाकी चुकत नाही. शेवटच्या दिवसाचे ३१० किलोमीटर, ६५ लिटर. लिटरला पावणेपाचच्या वर.

पाच दिवसांचे मिळून १,३२० किलोमीटर, ३६१ लिटर, ३.६५. धुराड्यातून गेलेला कार्बन डायऑक्साइड, लिटरला २.६८ किलोनं, जवळपास एक टन. वहीत ३.६५ लिहिलं की तात्या पास. पण त्याच माणसानं त्याच गाडीवर पहिल्या दिवशी २.५ आणि शेवटच्या दिवशी ४.८ काढलं. कुणी फक्त तळोजा ते खेड शिवापूरची खेप मारली असती तर चोर ठरला असता, आणि फक्त होसूर ते चेन्नईची मारली असती तर त्याचा सत्कार झाला असता.

माल उतरायला दुसरा दिवस उजाडणार होता. तेवढ्यात ऑफिसातून परतीच्या मालाचा फोन आला: लोखंडी पाइप, श्रीपेरंबुदूरहून पुण्याच्या चाकणला, बावीस टन. किती डिझेल बांधायचं ते मलाच ठरवायचं होतं. तात्यांनी बोटांवर मोजलं. चेन्नई ते होसूर चढ पहिल्याच दिवशी, भरली गाडी, वारा समोरून, कोल्हापूरपर्यंत बरी, खंबाटकीला बोगदा, बोरघाट नाही कारण चाकणलाच थांबायचं. "तीनशे चाळीस द्या साहेब. होसूरपर्यंत शंभर जातील, ते वेगळे लिवा."

मी वेगळे लिहिले. टप्प्याला एक ओळ, ओळीपुढे वजन, चढाचे मीटर आणि उभ्या गाडीचे तास. आणि खाली एक सूचना, सगळ्या ड्रायव्हरांसाठी: उतारावर गाडी गिअरात ठेवल्याने कुणाचं ॲव्हरेज कमी आलं, तर ते कापलं जाणार नाही.